काट्यावरचं लिटर

गोधन दूध संघाच्या धुळ्याच्या कचेरीत संगणक आला तेव्हा त्याला हार घातला गेला, नारळ फुटला, आणि मग त्याला हात लावायची छाती कुणाची होईना. ती झाली धनसिंगची. धनसिंग पाटील हा संघाचा सुपरवायझर. गावोगावचं दूध हुंगण्यात आणि तपासण्यात त्याची उमर गेलेली, पण गड्याला नव्याचं वेड दांडगं. एक अख्खा उन्हाळा जळगावला मेहुण्याच्या घरी तळ ठोकून तो प्रोग्रॅम लिहायला शिकला आणि परत आल्यावर संघासाठी त्याने स्वतःच्या हाताने एक प्रोग्रॅम लिहिला. तो चालला त्या दिवशी स्वारी जमिनीपासून दोन बोटं वरून चालत होती.

प्रोग्रॅमचं काम सरळ होतं. गावची दूध संस्था कॅनबरोबर पावती पाठवते, तिच्यावर दूध किती लिटर ते लिहिलेलं असतं. संघाच्या केंद्रावर तेच कॅन वजनाला लागतात, तिथे किलो कळतात. चांगलं दूध लिटरमागे किलोपेक्षा थोडं जास्त भरतं आणि पाणी घातलं की ते हलकं होत जातं. म्हणून किलोला लिटरने भागायचं, दुधाची घनता काढायची, आणि घनता पडलेली दिसली की त्या गावाच्या नावापुढे फुली मारायची. ही फुली धनसिंगच्या प्रोग्रॅमची शान होती. वर्षभर तो ज्याला-त्याला सांगत फिरला होता की माणूस ओळखपाळख बघतो, संगणक बघत नाही.

त्या हिवाळ्यात फुली पडली ती पिंपळनेरच्या महिला संस्थेवर.

एकदा पडली तेव्हा धनसिंगने दुर्लक्ष केलं. मग ती रोजच पडायला लागली. त्याला काही केल्या पटेना. ही संस्था त्याच्या डोळ्यांदेखत उभी राहिली होती. तानुबाई तिची सचिव. बाई बोलायला फटकळ, पण व्यवहाराला अशी चोख की कॅनला फडकं कुठलं वापरायचं यावरूनही ती बायांशी भांडायची. दिवाळीच्या सुमारास संघाने स्वच्छ दुधाचं बक्षीस म्हणून याच संस्थेला एक टांगता काटा दिला होता, आणि तो घेऊन धनसिंगच गेला होता. असल्या बाया दुधात पाणी घालतील? दुधात लॅक्टोमीटर सोडला तर तोही दूध चांगलं असल्याचंच सांगत होता.

पण संघाचे अध्यक्ष उखर्डू आबा या धंद्यात मुरलेले. दुधात काहीबाही टाकून लॅक्टोमीटरला फसवणारे महाभाग त्यांनी ढिगाने पाहिले होते. धनसिंगने साखरेची तपासणी करून आणली, साखर निघाली नाही. आबा म्हणाले, मीठ असेल. मीठही निघालं नाही. मग युरिया असेल, आबा म्हणाले. त्यांच्या मते सगळं फसवता येतं, संगणक तेवढा फसत नाही. आणि हे त्यांना शिकवलं कुणी, तर धनसिंगनेच. आता कोणत्या तोंडाने तो उलट बोलणार? शनिवारच्या बैठकीत पिंपळनेरचं दूध बंद करायचं, असं आबांनी ठरवून टाकलं. दूध बंद म्हणजे संस्था मोडली. आणि संस्था मोडली तरी एक वेळ चालेल, पण पाणी घालणाऱ्या बाया हा शिक्का त्यांच्या कपाळावर जन्मभर राहिला असता.

धनसिंगला राहवलं नाही. तो पिंपळनेरला गेला, तानुबाईला बाजूला घेतलं आणि काय घडतंय ते सांगितलं. संध्याकाळचं दूध घालायला बाया रांगेत उभ्या होत्या. तानुबाईने सगळं ऐकून घेतलं आणि त्या रांगेवरून एकदा नजर फिरवली.

"भाऊ, मन्हा हातखाल पानी पडत नही," ती म्हणाली. "पन आते मी पाहस."

धनसिंग जड पायांनी परतला, आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅमची फ्लॉपी खिशात घालून त्याने जळगावची एसटी धरली.

जळगावात पिंप्राळ्याला चंदनताई राहायच्या. डाळीचे व्यापारी केवलचंद लुंकड यांची ही लेक एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. धनसिंगने उन्हाळ्यात जो वर्ग केला तो यांचाच. वयाने त्या धनसिंगहून बऱ्याच लहान, पण त्यांच्यासमोर तो पोरासारखा बसायचा. चूक दाखवताना त्यांनी कधी आवाज चढवला नाही. चुकलेल्या ओळीवर पेन्सिल ठेवायच्या आणि समोरच्याला स्वतःला दिसेपर्यंत गप्प बसायच्या. ती शांतता धनसिंगला वर्गातल्या कुठल्याही मास्तरच्या छडीपेक्षा भारी वाटायची. बिरादरीतले लोक केवलचंदांना विचारायचे की पोरगी त्या डब्यासमोर बसून करते तरी काय. केवलचंद म्हणायचे, मलाही कळत नाही, पण ती उठते तेव्हा तिचा चेहरा पाहा.

धनसिंगने सगळी हकिगत सांगितली. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक काढून द्या, एवढंच त्याचं मागणं होतं. चूक सापडली तर बाया वाचतील. चंदनताईंनी प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाल्या की भागाकार बरोबर आहे, बेरजा बरोबर आहेत, यात चूक नाही. धनसिंगचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं काम बरोबर निघाल्याचं त्याला वाईट वाटत होतं.

"पण धनसिंगभाऊ," त्या म्हणाल्या, "यात सगळे नुसते आकडे आहेत. कुठला आकडा कोण, कुणाच्या घरचा, काही पत्ता नाही."

मग त्यांनी संगणकावर दुसरी भाषा उघडली. एडा तिचं नाव. कॉलेजात ही भाषा त्यांनी हट्टाने आणवली होती, आणि मुलं तिला जाम वैतागायची, कारण ती फार अडवते. धनसिंगचा प्रोग्रॅम या भाषेत ओळीला ओळ उतरवून बघू, असं त्यांनी ठरवलं. पण पहिली ओळ उतरवण्याआधीच त्या थांबल्या आणि वर काही वेगळंच लिहायला लागल्या. दशांशाचा जो साधा आकडा या भाषेत आधीपासून आहे, त्याच्यापासून त्यांनी एक नवा प्रकार काढला आणि त्याला नाव दिलं किलो. त्याच आकड्यापासून दुसरा काढला, लिटर. तिसरा काढला, घनता.

धनसिंगला वाटलं, ही नुसती नावं. ताई म्हणाल्या, तिथेच तर फरक आहे. एका आईच्या या तीन मुली. आईला जे येतं ते तिघींना जन्मतःच येतं: बेरीज, वजाबाकी, लहान-मोठं ओळखणं. काही नव्याने शिकवावं लागत नाही. पण तिघींची घरं निराळी. लिटरच्या जागी किलो नेऊन बसवला तर आतला आकडा तोच असला तरी ही भाषा ऐकत नाही. तसं करायचंच असेल तर उघड लिहून करावं लागतं, की या लिटरचा मी जाणूनबुजून किलो करतेय, आणि कसा करतेय तेही. चोरवाटेने एकही आकडा या घरातून त्या घरात जात नाही.

"आणि किलोला लिटरने भागायचं झालं तर?" धनसिंगने विचारलं. त्याच्या सगळ्या प्रोग्रॅमचा जीव त्या एका भागाकारात होता.

तेही सांगावं लागतं, असं म्हणून ताईंनी एक छोटा नियम लिहिला: किलोला लिटरने भागलं तर घनता मिळते. एवढी एकच वाट त्यांनी उघडली. किलोला किलोने भागलं तर आईकडून आलेल्या रीतीने पुन्हा किलोच मिळणार. त्याला घनतेच्या जागी बसता येणार नाही. मग त्यांनी आणखी एक गंमत दाखवली. किलोपासूनच त्यांनी एक उपप्रकार काढला, कॅनमध्ये मावेल एवढ्याच किलोंचा. हा मात्र वेगळ्या घरचा नव्हता. किलोच होता, फक्त त्याला कुंपण होतं; मावणार नाही इतकं वजन कुणी टाइप केलं तर प्रोग्रॅम चालता चालता हाक मारणार होता. कुठे नवं घर बांधायचं आणि कुठे नुसतं कुंपण घालून भागतं, हे ठरवताना ताईंचे डोळे लकाकत होते. धनसिंग बघतच राहिला. आजवर त्याला वाटायचं की प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे यंत्राला कामं सांगणं. ही बाई तर कामं सांगण्याआधी दुधाच्या धंद्यात कोण कोण आहे आणि कोण कुणाचं लागतं, ते ठरवत होती. एवढ्या वर्षांत हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही, याची त्याला लाज नाही वाटली. उलट असं काही जगात आहे याचाच त्याला आनंद झाला.

आता पावतीवरचा आकडा वाचायची वेळ आली. ताईंनी विचारलं, गावातला हा आकडा येतो कुठून?

मापातून, धनसिंग म्हणाला. लिटरचं माप भरायचं आणि कॅनमध्ये ओतायचं.

सगळ्या गावांत?

हो, सगळ्या गावांत. फक्त पिंपळनेरला आपण आता काटा दिलाय, तिथे बादली टांगतात.

ताईंनी मान डोलावली आणि दोन वाचनं लिहिली. मापावरून वाचलेला आकडा लिटर. काट्यावरून वाचलेला आकडा किलो. पिंपळनेरपुढे त्यांनी दुसरं लावलं. मग बटण दाबलं. या भाषेचा कंपायलर प्रोग्रॅम चालवण्याआधी सगळा वाचून काढतो आणि कुठे प्रकाराला प्रकार जुळत नसला तर तिथेच हटून बसतो. अजून कुणी एक आकडा टाइप केला नव्हता, दुधाचा एक थेंब मोजला नव्हता. कंपायलर वाचत वाचत खाली आला आणि अडला.

तो अडला पिंपळनेरच्या घनतेच्या ओळीवर. पडद्यावर इंग्रजीत आलं की इथे घनता हवी होती, तुम्ही दिलेत किलो.

"ताई, तुमचं काही तरी चुकलं," धनसिंग म्हणाला. "पिंपळनेरला लिटर लिहा. पावतीवर लिटरच असतं."

ताईंनी पेन्सिल उचलली आणि पडद्यावरच्या त्या ओळीखाली धरली.

धनसिंग ओळ बघत राहिला. पावतीवर लिटरच छापलेलं असतं, बरोबर. तानुबाई लिटरच म्हणते. तो स्वतः लिटरच म्हणतो. साऱ्या खानदेशात म्हैस किती देते विचारलं तर कुणी किलो सांगतं का? दूध म्हणजे लिटर. काटा आला, बादली टांगली, काटा जे दाखवील ते तानुबाईने लिटरच्या रकान्यात लिहिलं, आणि त्यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. काटा पोचवून आलेल्या धनसिंगलाही नाही. पण काटा लिटर कसा दाखवील?

गावातही वजन, केंद्रावरही वजन. तेच दूध दोन्हीकडे तेवढंच भरणार. एकाला दुसऱ्याने भागलं तर उत्तर एकच्या जवळपास येणार, आणि एक ही तर पाण्याची घनता. दूध अमृतासारखं असतं तरी त्याच्या प्रोग्रॅमने त्याला पाणीच म्हटलं असतं. काटा आला दिवाळीला, आणि फुल्या सुरू झाल्या त्यानंतर. धनसिंगच्या अंगावर सरसरून काटा आला.

"म्हणजे पाणी नाही," तो म्हणाला.

"ते मला कसं कळणार?" ताई म्हणाल्या. "मी एवढंच सांगू शकते की काटा आल्यापासून तुमच्या प्रोग्रॅमने पिंपळनेरचं पाणी पाहिलेलंच नाही. त्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. जो प्रश्न विचारताच येत नाही, त्याचं उत्तर तो रोज देत होता."

परतीच्या वाटेवर पारोळं कधी आलं आणि कधी गेलं, धनसिंगला कळलं नाही. हुशार माणसं त्याने पुष्कळ पाहिली होती. चूक दाखवून देणारी पाहिली, चुकीबद्दल चारचौघांत पाणउतारा करणारी पाहिली. पण चूक करायला वाटच राहू नये अशी मांडणी करून ठेवायची, ही हुशारी त्याला नवी होती. ज्या कुणी ही भाषा घडवली त्यांना पिंपळनेर ठाऊक नव्हतं, म्हैस ठाऊक नव्हती. तरी तानुबाईच्या बाजूने ते तिथे आधीच उभे होते. मनोमन त्याने त्या अनोळखी लोकांना हात जोडले आणि चंदनताईंना तर दोनदा जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर त्याने पिंपळनेरचे कॅन बाजूला काढले, सगळं दूध लिटरच्या मापाने मोजून घेतलं आणि मग वजनाला लावलं. घनता जिथे असायला हवी तिथेच होती, शेजारच्या गावांपेक्षा तसूभर जास्तच. शनिवारी बैठकीत त्याने ते सगळ्यांसमोर मांडलं. उखर्डू आबांनी विचारलं, म्हणजे संगणक चुकला का? धनसिंग म्हणाला, संगणक नाही चुकला आबा, मी त्याला काट्यावरचं लिटर खाऊ घातलं. आबा हसले. मग गंभीर झाले आणि म्हणाले, हे त्या बायांना तू जाऊन सांग, पत्र नको. म्हातारा कडक होता, पण माणूस होता.

धनसिंग संध्याकाळच्या दुधाच्या वेळी पिंपळनेरला पोचला. पेढे घेऊन गेला होता. रांगेतल्या बायांसमोर त्याने मोठ्याने सांगितलं की दुधात पाणी नव्हतं, कधीच नव्हतं, चूक माझी होती. बायांमध्ये हसणं पसरलं. कुणी म्हणालं, आम्ही सांगतच होतो. पेढ्याचा पुडा या हातातून त्या हातात गेला. धनसिंगने तानुबाईकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं, आता बाई त्याची चांगली खरडपट्टी काढील, आणि ती ऐकून घ्यायला तो हौसेने तयार होता.

तानुबाई हसत नव्हती. तिने हातातलं झाकण खाली ठेवलं.

"भाऊ, मी भिकुबाईनं दूध परत धाडं," ती म्हणाली. "बठ्ठास्ना समोर."

भिकुबाईचं दूध सगळ्यांसमोर परत केलं, हे ऐकून रांगेतलं हसणं थांबलं. मग हळूहळू धनसिंगला सगळं कळलं. तो सांगून गेला त्या संध्याकाळी तानुबाईने प्रत्येकीचं दूध डोळ्यांत तेल घालून पाहिलं. स्वतःच्या हातचं तिला ठाऊक होतं. म्हणजे कुणा दुसरीचं असणार. भिकुबाई एकटी राहणारी, एका म्हातारट म्हशीची मालकीण. तिचं दूध बघायला थोडं पातळ. तानुबाईने तिची चरवी तशीच तिच्या हातात परत दिली आणि उद्यापासून आणू नको म्हणाली. भिकुबाई वाद न घालता निघून गेली. तेव्हापासून गल्लीतल्या बाया तिच्या घरावरून जाताना मान दुसरीकडे वळवत होत्या. धनसिंगला वाटलं होतं, शनिवारच्या आत सगळं निस्तरलं. त्याने लिहिलेली एक ओळ त्याच्या आधीच या गल्लीत येऊन पोचली होती, आणि इथे तिला अडवायला कुणी नव्हतं.

तानुबाई रांग तशीच टाकून निघाली. धनसिंग तिच्या मागोमाग गेला. भिकुबाई परसात म्हशीपुढे चारा टाकत होती. दोघांना पाहून ती थांबली नाही, हातातली पेंडी टाकून झाल्यावरच वळली.

तानुबाई आयुष्यात कुणापुढे वाकलेली नव्हती. ती दावणीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, पानी नव्हतंच. मी चुकनू." मग धनसिंगने घाईघाईने सगळं सांगायला सुरुवात केली: चूक मूळ त्याची, तानुबाईची नाही, जळगावच्या ताईंनी संगणकाला विचारलं तेव्हा ती उघड झाली.

भिकुबाईने त्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. मग ती तानुबाईकडे वळली.

"मशीनले इचारं," ती म्हणाली. "मले काबर नही इचारं?"

जळगावहून धनसिंग जे एवढं मोठं घेऊन आला होता ते खोटं नव्हतं, त्याचा मोह अजूनही त्याच्या मनात तसाच होता. पण या परसात उभं राहून त्याला मान वर करता येईना. विचारणं एवढं सोपं होतं. चार घरं ओलांडून यायचं होतं.

भिकुबाईने खाली सांडलेला चारा म्हशीपुढे सारला. मग कोनाड्यातली चरवी घेतली, विसळली आणि म्हशीपाशी उकिडवी बसली. "पारडू सोड," ती तानुबाईला म्हणाली. तानुबाईने पदर खोचला, डोळे पुसले आणि खुंट्याचं दावं सोडायला लागली.